दिल्लीतला जानोसा

आधार आबांच्या अंगणात आठवडाभर दिल्ली पसरली होती. कोब्यावर रंगीत खडूंनी काढलेली. कडुनिंबाच्या सावलीत संसद, पायरीशी इंडिया गेट, भिंतीकडेला लाल किल्ला. नळाचं पाणी वाहून नेणारी चारी म्हणजे यमुना. मेट्रोची एक पिवळी रेघ आणि एक निळी रेघ अंगणभर फिरून एकमेकींना भेटत होती. शेजारची शेळी रोज सकाळी येऊन नेमकी इंडिया गेटवर बसायची आणि प्रज्ञा तिला हाकलत म्हणायची, "आजी, ही बघ, हिचा मुक्काम फुकट!"

प्रज्ञा सहावीची परीक्षा देऊन धुळ्याहून आजी-आजोबांकडे चोपड्याला आली होती. तिची आजी, नर्मदाबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्यभर मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातलं संसदेचं चित्र त्यांनी दरवर्षी वर्गात उंच धरून दाखवलं होतं. दरवर्षी एखादं पोरगं उठून विचारायचंच, "बाई, तुम्ही पाहिलीय का?" आणि बाई खरं तेच सांगायच्या, "नाही रे. पण पाहीन एक दिवस." ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं शाळेत आली, आणि उत्तर तेच राहिलं. या वर्षी प्रज्ञानंही तोच प्रश्न विचारला. नर्मदाबाई म्हणाल्या, "चल, पाहूनच येऊ. पण सहल तू आखायची."

ही त्यांची शिकवायची रीत. उत्तर माहीत असलं तरी ओठांच्या आत ठेवायचं. प्रज्ञानं पहिल्या झटक्यात सोमवारी लाल किल्ला आणि संग्रहालय लिहिलं, तेव्हा त्या चूक आहे असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "आपलं वाचनालय कोणत्या वारी बंद असतं गं?" पोरगी थबकली. आबांचा फोन घेऊन शोधत बसली, आणि संध्याकाळी तिनं ओल्या फडक्यानं सोमवारपुढचं किल्ल्याचं नाव पुसून तिथं बाग लिहिली. बाग फुकट होती आणि सोमवारीही उघडी होती.

आधार आबा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांना खडूच्या दिल्लीत उभं राहून सूचना करायला आवडायचं.

"जायचं तर मेच्या शेवटी जायचं," ते म्हणाले. "त्या उन्हात दिल्लीला कुत्रं फिरकत नाही. सगळं स्वस्त असतं."

"आबा, ऊन लागेल ना!"

"कुणाला? आपल्याला?" आबा हसले. "जळगाव जिल्ह्याचं ऊन पिऊन वाढलेली माणसं आपण. दिल्लीला स्वेटर न्यावं लागतं का तेवढं बघ."

खाण्याचा प्रश्न शिदोरीनं सुटला. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या दोन-तीन दिवस मऊ राहतात, सोबत शेंगदाण्याची चटणी. फिरायला मेट्रो. जळगावहून रात्रभराची गाडी, साधा डबा. सगळं त्यांच्या पेन्शनमध्ये बसत होतं. फक्त राहण्याची जागा बसत नव्हती. पाच दिवसांच्या खोलीचं भाडं पाहून आबांनी फोन पालथा ठेवला होता. "एवढ्या पैशात आपल्या घराला नवा पत्रा बसेल," असं म्हणून ते अंघोळीला निघून गेले होते. राजधानीचं असंच असतं. बघायला फारसे पैसे पडत नाहीत, पाठ टेकायला पडतात.

म्हणून सगळा बेत राजदीपवर उभा होता. राजदीप नर्मदाबाईंचा विद्यार्थी, याच गल्लीतला. दिल्लीत एका सरकारी खात्यात कंत्राटावर कामाला होता. बायको शिल्पा आणि सहा महिन्यांची मुलगी घेऊन तिकडे लक्ष्मीनगरात राहत होता. त्याची आई भिकुबाई इथंच, चार घरं सोडून. राजदीपकडे उतरलो तरच दिल्ली, नाहीतर पुस्तकातलं चित्र आहेच, हे घरात तिघांनाही ठाऊक होतं.

नर्मदाबाईंचा विचार होता की आधी राजदीपला नीट विचारावं, मग बोलावं. पण आबांनी बसस्टँडवरून येताना भिकुबाईला गाठून सांगून टाकलं, "आम्ही तुझ्या पोराकडे चाललो, पाच दिवस!" खान्देशात पाहुणा यायच्या आधी त्याची बातमी येते, आणि बातमी आली की ती परत घेता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच भिकुबाई अंगणात हजर. पदर खोचलेला, हाताला उडदाचं पीठ.

"बाई, पापड कर्‍हायनू पोऱ्यासाठे. कुरडाया बी देसू. तुम्हले वझं तर नही व्हवाव?"

"नाही गं. दे तू."

भिकुबाई बोलता बोलता संसदेवर उभी राहिली होती. प्रज्ञानं हळूच तिला बाजूला केलं. तेव्हा भिकुबाईनं खाली पाहिलं. "हाई काय शे?"

"दिल्ली आहे, आजी."

"दिल्ली!" भिकुबाई खाली बसली. "मग मना पोऱ्यानं घर कोठे शे?"

प्रज्ञानं चारीपलीकडे, निळ्या रेघेच्या बाजूला एक छोटासा गोल काढला. भिकुबाईनं तो नीट न्याहाळला आणि नाक मुरडलं.

"येवढुसं? मोठं काढ की! सरकारमा शे तो."

प्रज्ञानं आजीकडे पाहिलं. आजीनं मान हलवली. प्रज्ञानं गोल पुसून राष्ट्रपती भवनाएवढा चौकोन काढला, तेव्हा भिकुबाईचं समाधान झालं. उठताना ती म्हणाली, "मी तर अजून जायेल नही, बाई. थंडीमा म्हणस, थंडी कडक शे. उन्हायामा म्हणस, ऊन शे. पुढला येळे ये म्हणस. तुम्ही तरी दखी या."

त्या संध्याकाळी नर्मदाबाईंनी राजदीपला व्हिडिओ कॉल लावला. तो पडद्यावर आला तो जिन्यात. पाठीमागे हिरवा रंग उडालेली भिंत.

"बाई! जय भीम! कशा आहात?"

"जय भीम. तू जिन्यात का रे?"

"आत नेटवर्क नाही येत, बाई."

नर्मदाबाईंनी बेत सांगितला. मेच्या शेवटी येतोय, आम्ही दोघं आणि नात. तुझ्याकडे उतरलं तर चालेल का?

"या ना! या ना बाई, त्यात काय विचारायचं? घर तुमचंच आहे," राजदीप म्हणाला. बाईंचं वाक्य संपायच्या आत म्हणाला.

आयुष्यभर मुलांसमोर उभं राहिलेल्या बाईला एक गोष्ट पक्की कळलेली असते. फळ्यावरचं गणित ज्याला समजलेलं असतं, तो 'समजलं का?' म्हटल्यावर जरा थांबतो, मनात एकदा करून बघतो, आणि मग हो म्हणतो. ज्याला समजलेलं नसतं, तो लगेच हो म्हणतो. राजदीप तिसरीत असल्यापासून असाच हो म्हणायचा.

एवढ्यात आतून बाळ रडलं. "एक मिनिट बाई," म्हणून तो फोन हातातच घेऊन घाईनं आत गेला. फोन खाली झुकलेला. तेवढ्यात नर्मदाबाईंना एक खोली दिसली. एक कॉट, कॉटच्या पायाशी फ्रिज, फ्रिजला टेकून गॅसची शेगडी, मधे छताच्या आकड्याला बांधलेली साडीची झोळी. शिल्पा झोळी हलवत होती आणि तिला वळायला जागा नव्हती म्हणून ती एका कडेनं उभी होती. खोलीला दुसरं दार नव्हतं. मग पुन्हा जिना, पुन्हा हिरवी भिंत. आतमध्ये नेटवर्क अगदी छान येत होतं, हे त्यांना तेव्हा कळलं.

"बाई, तुम्ही तारीख कळवा फक्त. मी स्टेशनवर येतो," राजदीप हसून म्हणाला. नर्मदाबाई बरं म्हणाल्या.

जेवताना त्यांनी आबांना सांगितलं. प्रज्ञासमोरच सांगितलं, कारण सहल तिची होती.

"एकच खोली आहे. लहान बाळ आहे. आपण तिघं गेलो तर तो आणि शिल्पा जिन्यात झोपतील. तो बोलायचा नाही, पण झोपतील."

"अगं, आपण काय हॉटेलातली माणसं आहोत?" आबा म्हणाले. "पुढे सरका म्हटलं की बसतंच की. मी भरल्या गाडीत आणखी वीस पॅसेंजर घेतलेत. ओट्यावर अंग टाकू."

"तिथं ओटा नाही. जिना आहे, आणि त्यावरून वरच्या मजल्यावरची माणसं जातात."

आबा भाकरीचा तुकडा मोडत राहिले. "मग रद्द करू. सांगू तब्येत बरी नाही."

"कुणाची?" प्रज्ञानं विचारलं.

"माझी. मी खोकून दाखवेन."

"खोटं बोलून सहल रद्द करायची, तर तिला मी काय शिकवलं?" नर्मदाबाई म्हणाल्या. "आणि भिकुबाई? ती पापड लाटत बसलीय. ती राजदीपला विचारेल, काय रे, बाई का नाही आल्या? त्यालाच वाटेल की मला कळलं म्हणून आले नाही."

"मग लॉजवर राहू. तीन दिवस परवडेल, पाच नाही."

"आपला माणूस गावात असताना लॉजवर?" त्या म्हणाल्या. "उद्या भिकुबाई गल्लीत तोंड कसं दाखवेल? पोराकडे बाई गेल्या आणि पोरानं घरी नाही ठेवलं!"

जाऊन त्याला अडचणीत टाकायचं, न जाऊन दुखवायचं, किंवा जाऊन दुसरीकडे राहून त्याच्या आईची मान खाली घालायची. तीन वाटा होत्या आणि तिन्हींच्या शेवटी राजदीपच उभा होता. त्या रात्री प्रज्ञा हळूच म्हणाली, "आजी, मग दिल्ली नाहीच का?" आणि नर्मदाबाईंनी प्रथमच तिला प्रश्नाला प्रश्नानं उत्तर दिलं नाही. "माहीत नाही गं," त्या म्हणाल्या.

तीन-चार दिवस दिल्ली अंगणात तशीच राहिली. वाऱ्यानं खडू उडत होता. चारीपलीकडचा राजदीपचा मोठा चौकोन निम्मा झाला होता, आणि प्रज्ञानं तो पुन्हा गिरवला नव्हता.

मधे आबा एका लग्नाला शिंदखेड्याला वऱ्हाडाबरोबर जाऊन आले. परत आले ते कुरकुरतच. पायरीवर बसून बूट काढता काढता सुरू झाले.

"जानोसा दिला समाजमंदिरात. पंखा एक, आणि त्याच्या खाली नवऱ्याचा मामा. बाकी सगळे भिंतीला. पण खरं सांगू, आदर भारी केला. चहा काय, सरबत काय, दर तासाला कुणीतरी येऊन विचारतंय, काही कमी नाही ना?"

"आबा, जानोसा म्हणजे?" प्रज्ञानं विचारलं. धुळ्यात तिनं पाहिलेली लग्नं सगळी मंगल कार्यालयातली.

"वऱ्हाडाची उतरायची जागा. नवरीकडच्यांनी दिलेली. शाळा, समाजमंदिर, एखाद्याचं रिकामं घर."

"पण नवरीच्या घरीच का नाही उतरत?"

आबा उत्तर द्यायला निघाले होते, पण नर्मदाबाईंनी हात वर केला. वर्गात करायच्या तसा. "तूच सांग."

"घर लहान असेल म्हणून?"

"नवरीचा बाप गावचा सावकार असला, वाडा असला, तरी जानोसाच देतात."

प्रज्ञा विचारात पडली. आजी वाट पाहत बसली. आबांनी बूट बाजूला ठेवून पाय पसरले.

"मग... घरात लग्नाची गडबड असते ना. पाहुणे पण तिथंच असले तर कुणालाच नीट बसता येणार नाही. दुसरी जागा दिली की वऱ्हाडाला पण बरं, घरच्यांना पण बरं." ती थांबली. "आणि जानोसा सगळेच देतात म्हणून, घर केवढंय ते कुणाला कळतच नाही!"

 नर्मदाबाई उठल्या, अंगणात गेल्या आणि खडूच्या त्या निम्म्या चौकोनाशी बराच वेळ उभ्या राहिल्या. शेळीही त्यांच्याकडे पाहत राहिली. मग त्या वळून म्हणाल्या, "प्रज्ञा, फोन आण."

या वेळी त्यांनी साधाच फोन लावला, चेहरा दिसणार नाही असा.

"राजदीप, ऐक. आम्ही येतोय. पण पाहुणे म्हणून नाही, वऱ्हाड म्हणून येतोय."

"म्हणजे, बाई?"

"म्हणजे आम्हाला जानोसा पाहिजे. तुझ्या गल्लीच्या आसपास. तू शोधायचास. दिल्लीतलं आम्हाला काय कळतं? स्वच्छ पाहिजे, स्वस्त पाहिजे आणि तुला पटला पाहिजे. एक दिवस रात्रीचं जेवण तुझ्याकडे."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. नर्मदाबाईंनी ती मोडली नाही. हा थांबला होता. मनात एकदा करून बघत होता.

"बाई," तो शेवटी म्हणाला, "जानोशाचा खर्च नवरीकडचे करतात."

"हो का? नवरी कुठंय? तुझी मुलगी तर झोळीत आहे." नर्मदाबाई हसल्या. "आणि आपल्यात आता दोन्हीकडून निम्मंनिम्मं चालतं. शोधायचं काम तुझं, भरायचं माझं. झालं निम्मंनिम्मं."

"बाई, खोली एकच आहे," राजदीप एकदम म्हणाला. "मी सांगणारच होतो. आईला..."

"तुझ्या आईशी तुझं तू बोल. मी सांगायला जाणार नाही आणि तिनं विचारलं तर खोटंही सांगणार नाही. आता मला जानोशाचं सांग."

"इथं शिकवणीची मुलं राहतात बाई, परीक्षा देणारी," तो म्हणाला. आता त्याचा आवाज वेगळाच लागत होता. पाठ म्हणून दाखवताना, येत असलेल्या ओळी आल्यावर लागायचा तसा. "मे संपता संपता ती गावी जातात, खोल्या रिकाम्या पडतात. माझ्या गल्लीमागे एक शीख आजी आहेत, त्यांच्याकडे विचारतो. बाथरूम चांगलं आहे. मी स्वतः बघून घेतो. आणि गच्ची आहे, संध्याकाळी हवा येते."

फोन ठेवल्यावर आबा म्हणाले, "तरी पाच दिवस जड जाईल."

"तीन," नर्मदाबाई म्हणाल्या. "प्रज्ञा, दोन दिवस कमी कर. काय पुसायचं ते तू ठरव."

हे शिकवणं नर्मदाबाईंनाही सोपं गेलं नाही. प्रज्ञा फडकं घेऊन अंगणभर फिरली. लाल किल्ल्याशी थांबली, पुढे गेली. अलीपूर रोडवर थांबली. बाबासाहेबांनी शेवटचा श्वास घेतला ती जागा, तिथं आता स्मारक आहे. तिथं तिनं फडकं मागे घेतलं. शेवटी ती अंगणाच्या पार कोपऱ्यात गेली. तिथं तिनं मोठ्या हौसेनं आग्र्याचा ताजमहाल काढला होता, चारी मिनारांसकट. ती त्याच्यापुढे उकिडवी बसली. बसून राहिली. नर्मदाबाईंनी तिला घाई केली नाही. पोरीनं एक मिनार पुसला, मग दुसरा, मग घुमट, आणि डोळे पुसून म्हणाली, "तो राजधानीत नाहीच ना आजी. सहल तर राजधानीची आहे."

"बरोबर," आजी म्हणाली. 

राहता राहिली भिकुबाई. तिला जानोशाचं कळलं तेव्हा तिचं लाटणं हवेतच थांबलं. "घरमा नही उतारस? का?"

"अगं, आम्ही वऱ्हाड आहोत. तुझा राजदीप आम्हाला जानोसा देतोय," नर्मदाबाई म्हणाल्या. "स्वतः जाऊन जागा बघून आला. जेवायला त्याच्या घरी."

भिकुबाईनं लाटणं खाली ठेवलं. कपाळावरची आठी हळूहळू गेली. "दिल्लीमा जानोसा!" ती स्वतःशीच म्हणाली. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं. राजदीपनं दिल्लीत बाईंना जानोसा दिला, असं ती ज्याला त्याला सांगत सुटली, जणू त्यानं दिल्लीत मंडपच घातला होता.

मेच्या शेवटी ती तिघं निघाली. पापडांचा डबा आबांच्या मांडीवर होता आणि गाडीभर त्यांनी तो कुणालाही हात लावू दिला नाही. राजदीप स्टेशनवर उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं मेट्रोचं तिकीट काढताना आबांनी कंडक्टरच्या नजरेनं यंत्राकडे पाहिलं आणि विचारलं, "सुट्टे देतं का हे?" जानोसा खरंच स्वच्छ होता. शीख आजींनी लस्सी दिली. संध्याकाळी गच्चीवर गरम वारा सुटला तेव्हा आबा पंचा खांद्यावर टाकून म्हणाले, "चोपड्यापेक्षा गार आहे." कुणाला ते पटलं नाही, पण कुणी वादही घातला नाही.

संसद त्यांनी बाहेरूनच पाहिली. रस्त्याच्या पलीकडून, कुंपणाच्या आडून. नर्मदाबाई उन्हात उभ्या राहिल्या आणि पदरानं घाम पुसत राहिल्या. चित्रातल्यापेक्षा ती वेगळी होती. जुनी गोल होती, शेजारी नवी होती, आणि मधून माणसं डबे घेऊन कामाला जात होती. "आजी, आता कुणी विचारलं तर?" प्रज्ञा म्हणाली. "आता सांगीन की पाहिली," नर्मदाबाई म्हणाल्या, "आणि विचारीन की तुम्ही कधी जाणार."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी राजदीपकडे जेवण. अरुंद जिना, हिरवी भिंत. आत कॉटवर आबा आणि प्रज्ञा बसले, खाली सतरंजीवर नर्मदाबाई. शिल्पानं वांग्याचं भरीत केलं होतं, दिल्लीची वांगी चोपड्याच्या रीतीनं भाजून. खोलीबद्दल कुणीच काही बोललं नाही, कारण बोलण्यासारखं काही नव्हतंच. खोलीत जेवणाचा वास होता, पंख्याचा आवाज होता आणि झोळीतलं बाळ आबांच्या मिशांकडे टक लावून पाहत होतं.

राजदीपचा फोन वाजला. भिकुबाईचा व्हिडिओ कॉल. तो सवयीनं उठला आणि दाराकडे, जिन्याकडे निघाला.

"राजदीप, भरीत गार होईल," नर्मदाबाई म्हणाल्या. "इथंच बोल की."

तो दारात थांबला. पाठ त्यांच्याकडे, फोन वाजतोय. शिल्पा हातातलं ताट तसंच धरून उभी. मग राजदीप वळला. आत आला, कॉटच्या कडेला बसला आणि त्यानं फोन घेतला.

"आई," तो म्हणाला, "बाई जेवायला बसल्यात. थांब, दाखवतो." आणि त्यानं फोन हळूहळू फिरवला. कॉट, फ्रिज, शेगडी, झोळी, दार. पुन्हा कॉट. फिरवायला फार काही नव्हतंच.

 पडद्यावर भिकुबाईचं तोंड फार जवळ आलं होतं, नुसता डोळा आणि कपाळावरचं गोंदण दिसत होतं.

"इतलंच शे?" तिनं विचारलं.

"हो, आई. एवढंच आहे."

"मग पापडस्ना डबा कोठे ठेवा?"

"कॉटखाली."

"हां. कॉटखाली बरा."  मग भिकुबाईनं पदर तोंडाला लावला आणि पडद्यावर नुसतं हिरवं लुगडं दिसू लागलं. त्यातून आवाज आला, "तुना बाप, मी आनि तुम्ही तीन पोरं, आपली खोली हिन्हापेक्षा धाकली व्हती. ते तू इसरी गया का?"

राजदीपनं मान खाली घातली. 

"आते आयक," भिकुबाई म्हणाली आणि पदर बाजूला झाला. "पुढला महिनामा मी येसू. ऊन सांगू नको नि थंडी सांगू नको. आनि मी काय वऱ्हाड नही. मी जानोसामा नही उतराव!"

राजदीप हसायला लागला. हसता हसता त्याला हातानं डोळे पुसावे लागले, आणि हाताला भरीत होतं म्हणून शिल्पाला पुढं होऊन तिच्या पदरानं पुसावे लागले. आबांनी फोनकडे झुकून, एसटीत घालायची ती हाक घातली, "चला, चला, पुढे सरका, एक पॅसेंजर आहे अजून!"

आणि खोलीतले सगळे, खरंच कुणी आत येत असल्यासारखे, थोडे थोडे सरकले. शिल्पानं बाळ नर्मदाबाईंकडे दिलं आणि झोळीचा दोर सोडून भिंतीकडच्या दुसऱ्या आकड्याला बांधून पाहिला. मधे एका माणसाच्या अंथरुणाएवढी जागा झाली होती. तिनं हातानं मापून पाहिलं, आणि दोराची गाठ पक्की केली.